फडकं बांधलेल्या डफडीची साक्ष

कमला रोज सकाळी घर सारवायला वाकते, तेव्हा तिच्या डोक्यावर खुंटीला जी गोल, काळपट वस्तू लटकलेली दिसते, ती मी. एक जुनी डफडी. मित्रांनो, परातीएवढा माझा घेर आहे. शिवणीच्या लाकडाचं कडं आणि त्यावर ताणून बसवलेलं शेळीचं कातडं, एवढंच माझं शरीर. कातडं पुष्कळदा बदललं, कडं मात्र पहिलंच आहे. आता मी ढिली पडले आहे. हवा दमट असली की ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा माझा आवाज येतो. खरं सांगायचं तर मी थकले आहे. पण तुम्ही बसलाच आहात, तर माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगते. ती थोडी कोर्टाची आहे. घाबरू नका, अवघड वाटेल तिथे मी थांबून समजावीन.

आमचं गाव पिपरटोला. सावली तालुक्यातल्या धानपट्ट्यात, वैनगंगेपासून फार लांब नाही. मला घडवलं डोमाजीनं. शिवणीची ओली पट्टी त्यानं आठवडाभर वाकवून बांधून ठेवली होती. तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, जाळावर मला शेकून त्यानं पहिली थाप मारली, तेव्हा टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, कुत्री भुंकत उठली म्हणतात. लग्नात मी वाजले की म्हातारी माणसंही पाय हलवत. पण डोमाजीला हौसेनं कमी आणि हुकमानं जास्त वाजवावं लागे. कोणीही दारात उभं राहून हाक मारायचं आणि त्यानं हातातला घास ठेवून निघायचं. मोबदला म्हणून शिळा भात, तोही अंगणाबाहेर. मग एका वर्षी गावातली बरीच माणसं चांद्याला गेली आणि बौद्ध होऊन परत आली. डोमाजीही गेला होता. घरी येऊन त्यानं मला खाली ठेवलं आणि पुन्हा कधी उचललं नाही. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण जबरदस्तीनं पडलेली थाप आणि हौसेनं पडलेली थाप यांतला फरक माझ्याइतका कोणाला कळणार? त्यानं केलं ते बरोबरच केलं.

पुढे गोंडटोल्यावरच्या कोलूनं मला मागून नेलं. कोलू गावचा कोतवाल होता. कोतवाल म्हणजे सरकारचा निरोप घरोघर पोचवणारा माणूस. त्याच्या गळ्यात माझे चांगले दिवस गेले. देवीची लस टोचायला डॉक्टर आले, नदी फुगली, नाल्याच्या अंगाला वाघीण पिल्लं घेऊन बसली, मोहफुलं वेचायला एकट्यानं जाऊ नका, असं सगळं मी सांगितलं. बाया चुलीवरचा भात उतरवून दारात येत. कोलू म्हातारा झाला तेव्हा त्याचा मुलगा लहानू कोतवाल झाला आणि मी त्याच्या गळ्यात आले.

आमच्या गावाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. भादव्याच्या सुमारास धान पोटरीवर येतं. म्हणजे कणीस पानाच्या गुंडाळीत असतं, बाहेर पडलेलं नसतं. तेव्हा आमच्याकडे म्हणतात, धान गरभार आहे. गरभार बाईजवळ कोणी मोठ्यानं ओरडत नाही, तसं पोटरीतल्या धानाजवळ डफडी वाजवत नाहीत. धान दचकलं तर दाणा भरत नाही, पोचट राहतो, अशी गावाची समजूत. त्या दिवसांत माझ्या तोंडावर फडकं बांधतात, ते नवं खाईपर्यंत, म्हणजे नव्या तांदळाचा पहिला घास देवाला दाखवून गाव जेवेपर्यंत, सुटत नाही. मधेच दवंडी द्यायची वेळ आली तर लहानू मला फडक्यासकट गळ्यात अडकवतो आणि नुसत्या तोंडानं सांगत फिरतो. गळ्यात झाकलेली डफडी दिसली की लोक ओळखतात, दवंडी आहे. दारात येऊन ऐकतात.

पण काळ बदलला. ग्रामपंचायतीच्या गाडीवर भोंगा आला, मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. वाघाची बातमी माझ्याआधी फोनवर पोचू लागली. मी खुंटीला लागले. उंदरानं कातड्याची कड कुरतडली, धुरानं मी काळी पडले. वर्षातून एखादं कोर्टाचं काम तेवढं उरलं. जप्ती किंवा लिलाव असला की ती बातमी डफडी वाजवून सांगायची, असं कायद्यात अजून लिहिलेलं आहे. अशाच एका कामातून ही गोष्ट घडली.

आमच्या गावच्या वेशीवर धानाची मिल आहे. कलाबाईचा नवरा आणि बापूराव या दोघांनी मिळून ती उभी केली. कलाबाईचा नवरा वारला, आणि त्याच्या वाट्याचे पैसे बापूरावनं दिलेच नाहीत. आज देतो, हंगाम झाल्यावर देतो, असं करत राहिला. शेवटी कलाबाई तालुक्याच्या कोर्टात गेली. खूप वर्षं फेऱ्या मारल्यावर निकाल तिच्या बाजूनं लागला. गावात पेढे वाटले गेले, सगळे म्हणाले, झालं, जिंकली बाई. आणि सगळे आपापल्या घरी गेले.

मित्रांनो, इथे थांबून ऐका. निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही. कोर्ट सांगतं की अमक्यानं अमकीला एवढे पैसे द्यावेत. त्यानं नाही दिले तर वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, पुन्हा वकील, पुन्हा तारखा. त्याला वसुलीची दरखास्त म्हणतात. कलाबाईच्या अंगात तेवढा दम उरला नव्हता. त्यातच ती नळावर घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनला पैसे हवे होते, आणि तिच्याजवळ होता फक्त जिंकलेला निकाल.

तेव्हा कांताबाई पुढे आली. कांताबाई डोमाजीची नात. सरकारी दवाखान्यात नर्स होती. नोकरीची बरीच वर्षं भामरागडकडे काढली, जिथे पावसाळ्यात रस्ते बंद होतात आणि लसीची पेटी होडीतून न्यावी लागते. निवृत्त होऊन गावी आली, ती एकटी, म्हातारपणासाठी साठवलेली पुंजी घेऊन. त्या पुंजीतला मोठा भाग तिनं कलाबाईला दिला आणि तिचा निकाल विकत घेतला.

निकाल विकत घेता येतो का, असं तुम्ही विचाराल. येतो. रीतसर लिहून, नोंदवून घ्यायचा. मग मूळ माणसाची वसुलीची जागा विकत घेणाऱ्याला मिळते. कांताबाईनं पूर्ण रकमेपेक्षा थोडे कमी दिले, कारण पैसे कधी हाती येतील याचा भरवसा नव्हता. कलाबाईला ते मान्य होतं. ती दवाखान्यात गेली आणि तिथून तिच्या लेकीकडे, दीपिकाकडे, गडचिरोलीला राहायला गेली. आता तो पैसा वसूल झाला नाही तर कांताबाईचं म्हातारपण उघड्यावर पडणार होतं. तिला दुसरं कोणी नव्हतं.

कोर्टानं नियमाप्रमाणे बापूरावला नोटीस पाठवली की निकालाची मालकी बदलली आहे. ती नोटीस खिशात घालून तो पानठेल्यावर बसला आणि लोकांना हसवू लागला.

"कोर्टाचा निकाल का बजारातला कोंबडा आहे गा? कांताबाईनं तंगडी धरून घरी नेला."

लोक हसले. कांताबाई समोरून जात होती. ती थांबली आणि म्हणाली, "नेला तर नेला, बापूरावभाऊ. आता रोज पहाटे तुह्या दारात येऊन आरवन तो."

मग बापूराव सोडून सगळे हसले.

कांताबाईच्या अर्जावर कोर्टानं मिलच्या जप्तीचा हुकूम काढला. जप्ती म्हणजे मिलला लगेच कुलूप नव्हे. मिल चालू राहते, पण हे देणं फिटेपर्यंत ती विकायची नाही, गहाण ठेवायची नाही. मिलच्या डोक्यावर कर्जाचा बोजा बसतो. तो बोजा सगळ्यांना कळावा म्हणून तीन गोष्टी करतात. जागेवर दवंडी देतात, दारावर हुकूम चिकटवतात आणि तलाठ्याच्या कागदात नोंद करतात.

हुकूम घेऊन बेलिफ आला, तो नेमका भादव्यात. बेलिफ म्हणजे कोर्टाचा माणूस. नवीन होता, शहराकडचा. लहानू मला गळ्यात अडकवून त्याच्याबरोबर मिलवर गेला. माझ्या तोंडावर फडकं बांधलेलं होतं. बेलिफ म्हणाला, वाजव. लहानूचा हात फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मिलच्या तिन्ही बाजूंना धान उभं होतं, पोटरीतलं, हिरवंगार. तेवढ्यात बापूराव आतून बाहेर आला. त्याच्या अंगावर भुशाची पांढरी धूळ होती.

"वाजवू नोको गा, लहानू," तो म्हणाला. "जप्ती करायची तं कर. पन धान पोटरीत आहे."

मी शपथेवर सांगते, त्या वेळी त्याच्या मनात कपट नव्हतं. कपट नंतर आलं. त्या क्षणी तो गावातलाच एक माणूस होता आणि त्याला धानाची काळजी वाटली होती, बस.

लहानूनं रीतीप्रमाणे मिलच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून तोंडानं दवंडी दिली. निंदणाऱ्या बाया बांधावर येऊन ऐकत उभ्या राहिल्या. बेलिफाला वाटलं, इथे असंच करत असतील. त्यानं खळ लावून हुकूम दारावर चिकटवला आणि तो शेवटच्या बसनं गेला. दुसऱ्या दिवशी खळीच्या वासानं एक शेळी आली आणि तो हुकूम खाऊन गेली. माझीच नातलग ती, काय बोलणार. तलाठ्याची बदली झालेली होती, नवा तलाठी हजर व्हायला वेळ लागला, आणि नोंद तशीच पडून राहिली.

एवढ्या फटीतून बापूरावनं मिल विकली. विकत घेणारा पवन, त्याच्या बायकोचा भाऊ, नागभीडचा. व्यवहार झाल्यावर पवननं कोर्टात हरकत घेतली. तो म्हणाला, जप्तीची मला खबरच नव्हती. दारावर कागद नव्हता, दफ्तरात नोंद नव्हती, आणि डफडी तर वाजलीच नाही, गावाला विचारा. डफडी वाजली नाही म्हणजे जप्ती झालीच नाही. मिल आता माझी.

गोष्ट सगळी माझ्यावर येऊन थांबली. मी वाजले होते की नव्हते?

पुढच्या वर्षी, पुन्हा धानाच्या दिवसांत, लहानूला साक्षीचा समन्स आला. टोल्यावर जो तो त्याला शहाणपण शिकवू लागला. सांग की वाजवली म्हणून, तुझं काय जातं? बिचाऱ्या बाईचं भलं होईल. बेलिफाच्या अहवालातही ठरावीक शब्दांत वाजवली असंच लिहिलेलं होतं, म्हणजे कोणी पकडणारही नव्हतं. लहानूचं जेवण तुटलं. त्याची बायको कमला म्हणाली, निदान दोन घास खाऊन तरी विचार करत बसा.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी कांताबाई आमच्या घरी आली. कमलानं चहा दिला. बाई कितीतरी वेळ कप हातात घेऊन बसली. ती काय मागायला आली आहे ते लहानूला कळत होतं, मलाही कळत होतं. तिची नजर एकदा माझ्यावर आली. तिच्या आजोबांनी मला घडवलं हे तिला ठाऊक होतं, आणि त्यांनी मला खाली का ठेवलं तेही. तिनं मला कधी हात लावला नव्हता, त्या दिवशीही लावला नाही.

"माहा पैसा गेला तं जाऊ दे, असं मी नाई म्हनत, लहानूभाऊ," ती म्हणाली. "मले तो पायजेच. तो नाई आला तं मी कोनाच्या दारात जाऊ? हेच सांगाले आली होती. पन तुह्या घरात बसल्यावर तोंड उघडून राह्यलं नाई. तू जे झालं तेच सांग."

लहानू म्हणाला, "बाई, जे झालं ते सांगतलं तं तुमी हरता."

"मंग हरते," ती म्हणाली, आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन उठली. दारापर्यंत ताठ चालत गेली. पुढे नाल्यापाशी थोडा वेळ बसून राहिली, असं कमलानं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लहानूनं मला पोत्यात गुंडाळून कोर्टात नेलं. एवढ्या वर्षांत कोर्टाची कितीतरी कामं मी केली होती, पण कोर्ट आतून कधी पाहिलं नव्हतं. पंखे फिरत होते, बाकांवर दमलेली माणसं बसली होती. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सकाळपासून वाट पाहिल्याची एकच कळा होती. न्यायाधीश एक बाई होत्या. त्यांनी मला टेबलावर ठेवायला सांगितलं.

त्यांनी लहानूला विचारलं, डफडी वाजवली का? लहानू म्हणाला, नाही. मागच्या बाकावर पवनचा सुस्कारा ऐकू आला. कांताबाई समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, मग काय केलं? लहानूनं पोटरीतल्या धानाची रीत सांगितली, फडकं सांगितलं, चार कोपरे सांगितले. बाईंनी कायद्याचं पुस्तक उघडून पाहिलं. त्यात लिहिलेलं होतं, दवंडी डफडी वाजवून किंवा त्या ठिकाणच्या रूढ पद्धतीनं द्यावी.

पवनचा वकील लगेच उठला. अशी काही रूढी पिपरटोल्यात नाही, तो म्हणाला. ही या खटल्यासाठी आता बनवलेली गोष्ट आहे, आणि गावातला प्रतिष्ठित माणूस, खुद्द बापूराव, तसं शपथेवर सांगेल.

बापूराव पिंजऱ्यात उभा राहिला. त्याला एकच शब्द बोलायचा होता, नाही. तो त्याला पढवलेला होता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, धान पोटरीत असताना तुमच्या गावात डफडी वाजवत नाहीत, अशी रीत आहे की नाही?

मी टेबलावर होते, त्याच्यापासून हातभर अंतरावर. फडकं बांधलेलंच होतं, कारण त्या वर्षीचं नवं खाणं व्हायचं होतं. बापूरावनं ते फडकं पाहिलं. त्याचं स्वतःचं धानही अजून शेतात उभं होतं. दाणा भरत आलेला होता, पण घरात आलेला नव्हता. वकिलानं खाकरून आठवण करून दिली.

"मॅडम, मिलच्या बाबतीत मी खोटं बोललो असतो," बापूराव हळू म्हणाला. "कलाबाईचे पैसे अडवले, साळ्याच्या नावानं मिल केली, हे सारं केलं मी. पन धानाचं खोटं नाई बोलवत. रीत आहे. आन त्या दिवशी मीच त्याले वाजवू देल्ली नाई."

पवन बहिणीच्या नवऱ्याकडे पाहत उठून उभा राहिला. "भाटवा, हे काय करून राह्यले तुमी?"

"बस खाली," बापूराव म्हणाला. "तुह्या शेतात पिकते का धान? तुले काय समजनार."

झालं. दवंडी गावच्या रीतीनं झाली होती, म्हणून जप्ती त्या दिवसापासून खरी धरली गेली. नंतर केलेली विक्री कांताबाईच्या वसुलीच्या आड येऊ शकत नव्हती. बापूरावला जप्तीची खबर होती हे उघड झालं, आणि दवंडी गावासमोर झाल्यामुळे पवनची सबब टिकली नाही. बोजा मिलच्या डोक्यावर कायम राहिला.

नवं खाणं झाल्यावर लिलावाची दवंडी निघाली. लहानूनं माझं फडकं सोडलं, तणसाचा जाळ करून मला शेकलं. किती शेकलं तरी माझा जुना सूर परत येईना. तसाच बद्द आवाज घेऊन मी मिलपुढे वाजले. बापूराव दारात येऊन उभा राहिला आणि दवंडी संपेपर्यंत हलला नाही. लिलावाच्या तारखेआधी तो कोर्टात गेला, जमेल तेवढे पैसे भरले आणि बाकीच्यासाठी हप्ते मागितले. कांताबाई हो म्हणाली. मिल बंद पडली तर गावाला धान कांडायला लांब जावं लागलं असतं, आणि तीही दमली होती. लिलाव थांबला, बोजा मात्र उतरलेला नाही. शेवटचा हप्ता फिटेल त्या दिवशी उतरेल. हप्ते येतात, कधी वेळेवर, कधी दोनदा आठवण करून दिल्यावर. कांताबाई आपलं धान त्याच मिलवर कांडते. बापूराव तिच्याशी जास्त बोलत नाही, पण तिचं पोतं मजुराला हात न लावू देता स्वतः उचलून ठेवतो.

तर मित्रांनो, असं आहे. मी तुमच्याकडे माझ्यासाठी काही मागणार होते. मला कोरड्या जागी ठेवा, महिन्यातून एकदा ऊन दाखवा, कडांना थोडं तेल लावा, असं. तेवढं केलंत तर मी अजून थोडी वर्षं टिकेन. पण त्याहून जास्त मला दुसरंच सांगायचं आहे. कोर्टाचा निकालही डफडीसारखाच असतो. तो एकदा मिळाला म्हणून कायमचा वाजत राहत नाही. त्याला कोणीतरी पुन्हा पुन्हा शेकावं लागतं, नाहीतर तो ढिला पडतो. कलाबाई जिंकली त्या दिवशी सगळं गाव पेढा खाऊन घरी गेलं. ती त्यानंतर किती एकटी पडली, ते मी खुंटीवरून पाहिलं आहे. तुमच्या ओळखीत कोणी खटला जिंकला तर पेढा जरूर खा. पण सहा महिन्यांनी एकदा त्यांच्या दारात जा, थोडं बसा आणि विचारा, "हातात आलं का वो काही?"